काळा टी-शर्ट कुठून आला?

हळदीच्या मोंढ्यासाठी प्रसिद्ध असलेले वसमत असो वा पुण्या-मुंबईतील मॉल, डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला, जीभ बाहेर काढलेला पिवळा चेहरा छापलेला काळा टी-शर्ट आता कोणाचेही लक्ष वेधून घेत नाही. ती खूण 'निर्वाणा' या अमेरिकी रॉक बँडची आहे, हे तो घालणाऱ्या तरुणाला ठाऊक असेलच असे नाही. विकणाऱ्याला तर ते ठाऊक असण्याची गरजही नाही. एके काळी मात्र असा टी-शर्ट अंगावर असणे म्हणजे आपण कोणाच्या बाजूचे आहोत, हे न बोलता सांगणे होते.

रॉकच्या बहुतेक प्रत्येक शाखेने स्वतःचा पोशाख घडवला आणि त्यामागे त्या त्या गावाची परिस्थिती होती. १९७०च्या दशकाच्या मध्यास लंडनमध्ये पंक अवतरले, तेव्हा तेथील तरुणांपुढे बेकारी उभी होती. फाटके कपडे आणि त्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना ही त्यांची भाषा झाली. अर्थात, ही बंडखोरी किंग्ज रोडवरील माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या दुकानात पैसे मोजूनही मिळत होती, हेही विसरता कामा नये. हेवी मेटलचा चामडी, खिळेदार पोशाख रूढ केला तो प्रामुख्याने बर्मिंगहॅम परिसरातील 'जुडास प्रीस्ट'चे गायक रॉब हॅलफर्ड यांनी. पुरुषी रांगडेपणाचे प्रतीक ठरलेला हा वेश ज्यांनी लोकप्रिय केला, त्या हॅलफर्ड यांनी १९९८ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. पुढे सिएटलच्या ग्रंज बँडनी चौकड्यांचे जाड शर्ट घातले ते मुख्यतः थंडीमुळे आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात ते स्वस्त मिळत म्हणून. फॅशनचे जग तेथेही लगोलग पोहोचले. १९९२च्या अखेरीस मार्क जेकब्स यांनी 'पेरी एलिस'साठी ग्रंजवर आधारित महागडे कपडे सादर केले आणि त्यांची नोकरी गेली.

हे सारे मुंबईत येताना गाळून आले. चामड्याचे जाकीट दमट हवेत अंगावर ठेवणे अशक्य आणि खिशालाही न परवडणारे. उरला तो सुती काळा टी-शर्ट आणि खांद्यापर्यंत वाढवलेले केस. परदेशी बँड क्वचितच इकडे फिरकत. त्यामुळे मैफलीच्या दारात विकला जाणारा अस्सल टी-शर्ट मिळणे दुरापास्त होते. पदपथावरची नक्कल किंवा परदेशातील नातलगाने आणलेली भेट, एवढाच मार्ग. कॅसेटही अशीच हातोहात फिरे. शिवाय इंग्लंडमध्ये हे संगीत मोठ्या प्रमाणावर कामगारवस्त्यांतून वर आले होते. आपल्याकडे ते आधी रुजले इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांत.

मराठी घरात आणखी एक अडचण होती, ती रंगाची. संक्रांतीची काळी चंद्रकळा सोडली तर शुभकार्यात काळे वर्ज्य. बारशाला किंवा साखरपुड्याला मुलगा कवटीचे चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून निघाला, की आईचा पहिला आक्षेप कवटीला नसे, काळ्या रंगाला असे! लंडनच्या पंकला समाजाला डिवचण्यासाठी केस रंगवून उभे करावे लागले. आपल्याकडे तेवढेच काम एका रंगाने केले.

या मंडळींना एकत्र येण्यासाठी जागा मिळाली ती धोबीतलावच्या रंगभवनात. १९८० मध्ये 'द पोलिस' हा ब्रिटिश बँड या खुल्या नाट्यगृहात वाजवून गेला होता. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला आणि रंगभवन जणू त्याचे माहेरघर झाले. एरवी आपल्या वर्गात किंवा गल्लीत एकटा असणारा मुलगा येथे शेकडो काळ्या टी-शर्टांत मिसळून जाई. टी-शर्टवरील नाव वाचून अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होई आणि कॅसेटची देवघेव ठरे. पोशाखाचे खरे मोल तेच होते. या गर्दीत मुली मात्र थोड्याच असत, ही त्या बंधुभावाची मर्यादाही नोंदवली पाहिजे.

रंगभवनाच्या आसपास रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने २००३च्या सुमारास शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील मैफली थांबल्या. रुग्णांच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु तेवढी स्वस्त, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशी दुसरी जागा शहराने दिली नाही. महोत्सव इतरत्र हलला. 'डेमॉनिक रिझरेक्शन', 'भयानक मौत' यांसारखे मुंबईचे मेटल बँड नव्या शतकात पुढे आले ते अशा अपुऱ्या जागांतून वाट काढत. काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' हे संगीताचे दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

गंमत अशी, की परदेशी बँड याच काळात येऊ लागले. १ फेब्रुवारी २००८ रोजी 'आयर्न मेडन'ने आपल्या जगभ्रमणाची सुरुवात मुंबईतून केली. मे २०२५ मध्ये 'गन्स एन रोझेस' महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. अशा मोठ्या मैफलींचे तिकीट महाविद्यालयीन मुलाच्या खिशाला जड जाते. टी-शर्ट मात्र कोणालाही परवडतो. निर्वाणाच्या त्या पिवळ्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, यावरून २०१८च्या अखेरीस बँडच्या कंपनीने न्यायालयात दावा लावला. दावा ज्यांच्या कंपनीविरुद्ध होता, ते होते मार्क जेकब्स, ज्यांची नोकरी ग्रंजपायी गेली होती. हा वाद २०२४ मध्ये तडजोडीने मिटला.