छताऐवजी हौद : पाणचक्कीतील जलप्रवाह व तापमान-नियंत्रण

प्रस्तावना

इमारतीतील तापमान नियंत्रित करणे म्हणजे वातानुकूलन यंत्र बसविणे, असा समज आज रूढ झाला आहे. या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवणारी व्यवस्था आखली आणि १९०६ मध्ये त्याला हवा शुद्ध व सर्द करण्याच्या उपकरणाचे पेटंट मिळाले. तापमान-नियंत्रणाची गरज मात्र त्याहून कितीतरी प्राचीन आहे. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते, तेथे ही गरज भागविण्याचे मार्ग स्थानिक कारागिरीतूनच निघाले. माळवदाच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती व पांढऱ्या मातीचे धाबे हा त्यांतील सर्वपरिचित मार्ग होय. त्याहून वेगळा आणि तांत्रिकदृष्ट्या अधिक प्रगत असा एक मार्ग छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील पाणचक्कीत आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचे भौतिकशास्त्रीय स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला आहे.

पाणचक्कीचे वर्णन सामान्यतः तिच्या जात्यामुळे केले जाते. पर्यटक जाते पाहतो, हौदातील मासे पाहतो आणि परततो. हौदाच्या तळाखाली असलेले दालन आणि हौद यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लेखकाच्या मते या वास्तूचे खरे वैशिष्ट्य तेथेच आहे.

नहर, खापरी नळ आणि बंब

मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि पुढे त्याच्या पाण्यासाठी नहर-ए-अंबरी ही भूमिगत योजना उभारली. डोंगरपायथ्याच्या भूजलाला उताराने वाट करून देणारा बोगदा, त्यावर ठराविक अंतरांवर उभी विवरे, आणि शहरात शिरल्यावर भाजक्या मातीच्या खापरी नळांचे जाळे, असे तिचे स्वरूप होते. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा (१६१५) आणि बीदरचे करेझ ही याच कुळातील उदाहरणे होत. पाणचक्कीला पाणी देणारी नहर मात्र वेगळी व नंतरची आहे. ती उत्तरेकडील जटवाड्याच्या डोंगराकडून येते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने विकसित झाला.

येथील पाणी ‘सायफन तत्त्वावर वर चढते’ असे माहितीपत्रकांतून छापले जाते. हे विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. खऱ्या सायफनमध्ये पाणी उगमाच्या पातळीहून वर चढून पलीकडे उतरते, आणि त्यासाठी वातावरणाचा दाब कारणीभूत असतो. येथे पाणी उगमाच्या पातळीपेक्षा वर कोठेही जात नाही. बंद नळातून ते सखल भागात उतरते आणि पुन्हा वर येते. घर्षणात खर्ची पडलेली उंची वजा करता ते जवळपास उगमाच्या पातळीला येऊ शकते. यास उलटा सायफन म्हणणे अधिक योग्य ठरेल. चमत्कार कोठेच नाही. आहे ती पातळ्यांची अचूक मोजणी, आणि तीही आजच्या उपकरणांशिवाय केलेली.

या व्यवस्थेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना म्हणजे शहरातील नहरींवर दिसणारे ‘बंब’, म्हणजे उभे मनोरे. पाणी एका नळाने मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत चढते, उघड्या कुंडीत येते आणि दुसऱ्या नळाने खाली उतरते. मुद्दाम चढविलेले पाणी लगेच उतरविण्यात काय हशील, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. दर १० मीटर उंचीमागे नळातील दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १ किलोग्रॅमने वाढतो. खालच्या टोकाची वाट बंद झाली आणि प्रवाह थांबला, की उगमापर्यंतच्या पूर्ण उंचीचा दाब मातीच्या नळावर येतो व नळ फुटतो. उघड्या माथ्याचा मनोरा मध्ये असेल तर दाब त्या मनोऱ्याच्या उंचीपुरताच वाढू शकतो. त्यापुढे पाणी माथ्यावरून सांडते. शिवाय नळात अडकलेली हवा तेथे सुटते आणि पाण्याची वाटणीही करता येते. इस्तंबूलच्या जुन्या पाणीपुरवठ्यात अशाच मनोऱ्यांना ‘सु तेराझिसी’, म्हणजे पाण्याचा तराजू, असे नाव होते. आज आपण ज्याला दाबनियंत्रक झडप म्हणतो, तिचे काम येथे एकही हलता भाग न वापरता होत असे.

हौदाखालील दालन

पाणचक्कीत नहरीचे पाणी भिंतीतून उंचावर आणून पाडले जाते, त्याच्याच जोरावर जाते फिरते, आणि पाणी मशिदीपुढील आयताकृती हौदात साठते. गॅझेटियरमध्ये या हौदाची लांबी १६४ फूट व रुंदी ३१ फूट दिली आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४७० चौरस मीटर. हौदाचा तळ हेच खालच्या खांबांच्या प्रशस्त दालनाचे छत असून हे दालन खाम नदीच्या बाजूला आहे. एकाच पाण्याकडून प्रथम धान्य दळून घ्यावे आणि नंतर त्याच पाण्याचे छत करावे, ही कल्पना आजच्या ऊर्जाबचतीच्या पुस्तकांतही शोभून दिसेल.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. मे महिन्यातील निरभ्र दिवशी या भागात आडव्या पृष्ठभागावर प्रति चौरस मीटर सुमारे २४ मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते. कोरड्या दगडी छतावर ती पडली तर छताचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे तापतो आणि काही तासांनी, नेमका संध्याकाळी, तो ताप आत उतरतो. जुन्या शहरात गच्चीखालच्या खोलीत राहिलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. हीच ऊर्जा १ मीटर खोल पाण्याने पूर्णतः शोषली व काहीच बाहेर गेली नाही असे धरले, तरी पाण्याचे तापमान सहा अंशांहून कमी वाढते. कारण तापमान तेवढेच वाढविण्यासाठी हवेच्या तुलनेत समान आकारमानाच्या पाण्याला सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते.

प्रत्यक्षात एवढीही वाढ होत नाही. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल अप्रकट उष्णता शोषली जाते. म्हणजे दिवसाकाठी १० मिलिमीटर पाणी उडाले, तर पडलेल्या सर्व सौर ऊर्जेइतकी उष्णता बाष्पीभवनातच निघून जाते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याचे इतके बाष्पीभवन मुळीच अशक्य नाही. धरणांच्या बाबतीत जी हानी म्हणून मोजली जाते, ती येथे कामाला लागते. हौदावर पसरलेल्या जुन्या वडाची सावली, कारंज्यांमुळे वाढलेला हवेशी संपर्क आणि रात्री मोकळ्या आकाशाकडे होणारे प्रारण यांची भर निराळीच. भूमिगत नहरीतून येणारे पाणी जमिनीच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास, म्हणजे भर उन्हाळ्यातही बाहेरच्या हवेपेक्षा बरेच थंड असते, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावयास हवी.

आपल्या घरोघरच्या कूलरशी तुलना केल्यास आणखी एक भेद स्पष्ट होतो. कूलर किंवा वाळ्याचा पडदा हवा थंड करतो, पण पाण्याची वाफ त्याच हवेत मिसळतो. त्यामुळे जुलैत त्याचा उपयोग राहत नाही आणि खोलीत दमटपणा येतो. पाणचक्कीत बाष्पीभवन छताच्या वर होते आणि दालनाकडे, तळ पाझरत नाही तोवर, फक्त गारवा उतरतो. अभियांत्रिकीच्या परिभाषेत यास अप्रत्यक्ष बाष्पीभवनी शीतन म्हणतात. ग्रंथ, धान्य आणि माणसे या तिघांनाही ते मानवते.

विसाव्या शतकात हीच कल्पना नव्याने मांडली गेली. अमेरिकेतील हॅरल्ड हे यांनी १९५० च्या दशकात भारतात काम केले होते. पुढे त्यांनी जॉन येलॉट यांच्यासमवेत १९६७ मध्ये फिनिक्स येथे, छतावर पाण्याचा थर व त्यावर सरकती उष्णतारोधक आवरणे अशी रचना तपासून पाहिली. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील अटास्काडेरो येथे त्याच तत्त्वावर एक घर बांधण्यात आले. ‘स्कायथर्म’ या नावाने ही पद्धत पाठ्यपुस्तकांत आली. त्या पाठ्यपुस्तकांतून शिकणारा आपला विद्यार्थी पाणचक्कीला सहलीसाठी जातो, ही थोडी खेदाची गोष्ट आहे. दोन्ही रचनांतील फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे. स्कायथर्ममध्ये पाणी स्थिर असते आणि आवरणे हलतात; पाणचक्कीत आवरण नाही, म्हणून सारी भिस्त वाहत्या पाण्यावर आहे.

प्रवाह मंदावल्यास

येथेच आजची अडचण सुरू होते. वरील हिशेबाप्रमाणे ४७० चौरस मीटर पृष्ठभागावरून १० मिलिमीटर पाणी उडणे म्हणजे रोज सुमारे ४,७०० लिटर, अर्ध्या टँकरहून थोडे कमी. नहरीने एवढी भर घातली नाही, तर पातळी उतरते, थर पातळ होतो, उरलेले पाणी लवकर तापते आणि त्यात क्षार व शेवाळ वाढते. हौद पूर्ण कोरडा पडल्यास चुन्याच्या गिलाव्याला तडे जाण्याचा संभव असतो, आणि पुन्हा पाणी भरल्यावर ते दालनात झिरपते. मग गळती थांबविण्यासाठी हौद रिकामा ठेवण्याची सूचना पुढे येते. मूळ शीतनयंत्र अशा रीतीने निव्वळ तापणारे छत बनते.

उन्हाळ्यात हौदाची पातळी खालावल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वारंवार आल्या आहेत. नहरीच्या मार्गावरील बांधकामे, रस्त्यांची खोदकामे, विवरांत पडणारा कचरा आणि आसपासच्या विंधन विहिरी ही कारणे उघड आहेत. आपली जतनाची दृष्टी इमारतीच्या कुंपणापाशी थांबते. या इमारतीचा कार्यकारी भाग मात्र कुंपणाबाहेर, जमिनीखाली, काही किलोमीटर पसरलेला आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नहर हे स्वतंत्र प्रकरण नसून इमारतीचेच अंग म्हणून धरले गेले पाहिजे.

वर दिलेला हिशेब तात्त्विक आहे. त्याची पडताळणी शहरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र किंवा भूगोल विभागाला फारशा खर्चाशिवाय करता येईल. बाहेरच्या सावलीत एक, हौदाच्या पाण्यात एक, दालनाच्या छताला टेकवून एक आणि दालनाच्या मध्यभागी एक असे चार तापमापक, त्यांच्या तासातासाच्या नोंदी, हौदात येणाऱ्या पाण्याचे बादली व घड्याळाने केलेले मोजमाप आणि पातळीची रोजची खूण एवढे पुरेसे आहे. नोंदी एप्रिलच्या मध्यापासून घेतलेल्या बऱ्या, कारण मेअखेरीस हौदात मोजण्याइतके पाणी असेलच असे नाही.