जुनी कॅमेरा बॉडी घेताना नावाला भुलू नका

फिल्म कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आली, तशा जुन्या बॉडींच्या किमतीही चढल्या. मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओचं कपाट, नवखी मुलं येतात ती बहुधा दोन-तीन नावं ठरवूनच. कॅनन एई-१, निकॉन एफएम२, फार तर पेंटॅक्स के१०००. तिन्ही कॅमेरे उत्तम आहेत. पण नाव पाहून घेतलेली बॉडी बिघडलेली निघाली की पहिल्या दोन रोलचे पैसे पाण्यात जातात आणि फिल्मचा नादच सुटतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महाग बॉडी म्हणजे चांगला फोटो, हा सर्वांत चिवट गैरसमज. फिल्म कॅमेऱ्यात सेन्सर नसतो. बॉडीचं काम दोनच गोष्टींचं: आत प्रकाश शिरू द्यायचा नाही आणि पडदा ठरलेल्या वेळेपुरताच उघडायचा. चित्राचा रेखीवपणा आणि रंग येतात लेन्समधून आणि रोलमधून. एकच निकॉन लेन्स आणि एकाच जातीचा रोल १९७७ च्या एफएमवर वापरा, नाहीतर १९८२ च्या एफएम२वर. दोन्ही शटरं नीट चालत असतील तर प्रिंट पाहून फरक सांगता येणार नाही. एफएम२चं शटर १/४००० सेकंदापर्यंत जातं, एफएमचं १/१००० पर्यंत. पण ४०० आयएसओचा रोल भर उन्हात एफ/१६ ला १/५०० वर व्यवस्थित उमटतो. भर उन्हात लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढायचे असतील, तरच त्या जास्तीच्या वेगासाठी पैसे मोजावेत.

दुसरी समजूत अशी, की मेकॅनिकल कॅमेरा कधी बिघडत नाही आणि इलेक्ट्रॉनिक कॅमेरा घेऊच नये. के१००० आणि एफएम२ सेलशिवाय सगळ्या वेगांवर चालतात, सेल लागतो तो फक्त मीटरला. एई-१ मात्र ६ व्होल्टच्या सेलशिवाय क्लिकसुद्धा होत नाही. एवढं खरं. पण मेकॅनिकल शटर स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातलं वंगण घट्ट होतं. म्हणूनच ‘आजोबांनी जपून ठेवलेला, कधी वापरलाच नाही’ असा चकचकीत कॅमेरा दिसला की मी अधिक सावध होतो. पितळ उघडं पडलेली, पण रोजच्या वापरातली बॉडी पुष्कळदा जास्त भरवशाची निघते.

हे तपासायला कारागीर लागत नाही. आधी आत रोल नाही ना, याची खात्री करा. मग मागचं झाकण उघडा, लेन्स काढा आणि वेग १ सेकंदावर ठेवून शटर दाबा. मेकॅनिकल शटरची घरघर सलग ऐकू आली पाहिजे आणि पडदा न अडखळता मिटला पाहिजे. मग बॉडी उजळ भिंतीकडे धरून मागून पाहत १/१००० वर दाबा. क्षणभर संपूर्ण चौकट उजळायला हवी. एक बाजू काळी राहिली, तर पडदे एकमेकांना गाठतायत आणि या वेगावर काढलेल्या फोटोंची एक बाजू काळी येणार. एई-१ क्लिक करताना कुईं असा आवाज करत असेल, तर आरशाच्या यंत्रणेतलं तेल सुकलंय. जाणकार कारागीर ते दुरुस्त करतो, तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

मीटरची सुई हलली म्हणजे मीटर ठीक, असंही नाही. ऑलिंपस ओएम-१ चं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेलं आहे, आणि ते सेल आता बनत नाहीत. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की सुई डौलात हलते, पण चुकीचं सांगते. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचा असतो, आकाराने लहान म्हणून भोवती कडी लागते आणि तो लवकर उतरतो, पण काम भागतं. मीटर मेलेलं असेल तरी कॅमेरा टाकाऊ ठरत नाही. मोबाइलवर मीटरचं ॲप मिळतं.

व्ह्यूफाइंडरमधल्या धुळीला घाबरून चांगली बॉडी सोडू नका, ती फिल्मवर उमटत नाही. लेन्समधली बुरशी मात्र टाळाच. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ती झपाट्याने वाढते.

‘निकॉनची कुठलीही लेन्स निकॉनला बसते’ यावरही विसंबू नका. १९७७ पूर्वीच्या, नंतरच्या ‘एआय’ माउंटला जुळवून न घेतलेल्या लेन्स एफएम२वर चढवल्या तर बॉडीचं नुकसान होऊ शकतं. साध्या एफएमवर मात्र माउंटच्या कडेची छोटी पट्टी वर दुमडून त्या वापरता येतात. घरात जुन्या निकॉन लेन्स असतील, तर स्वस्तातली एफएमच तुमच्यासाठी सरस.

मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाने दाबून पाहा. डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल. हे काम स्वस्त आहे. मग एक रोल दोन-तीन दिवसांत संपवा आणि परत करायची मुदत आहे तोवरच धुवून घ्या. नेगेटिव्हवर फ्रेममधलं अंतर सारखं आहे ना आणि कडेने प्रकाशाचे पट्टे आलेले नाहीत ना, ते बघा.