रंगीत कोंबड्यांच्या पोटीं पांढरें पिलूं

पट्टेदार प्लिमथ रॉक जातीचीं कोंबडीं अस्सल म्हणून चांगली किंमत देऊन आणावीं, वेगळ्या खुराड्यांत ठेवावीं, आणि डझनभर काळ्या पिलांत दोन-तीन मळकट पांढरीं निघावीं, हा प्रकार कोंबडीं पाळणारांस नवा नाहीं. अशा वेळीं मालक विकणाऱ्यास लबाड ठरवितो, किंवा शेजाऱ्याच्या कोंबड्यावर आळ घेतो. दोन्ही तर्क बहुधा खोटे असतात.

प्रत्येक पिलास रंगाचें एक जनुक बापाकडून व एक आईकडून मिळतें. रंग उमटविणारें जनुक प्रभावी व रंग दाबणारें अप्रभावी असल्यामुळें, पहिलें एक जरी असलें तरी पक्षी पूर्ण रंगीत दिसतो. दुसरें त्याच्या अंगीं पिढ्यान् पिढ्या दडून राहतें. अशा दोन पक्ष्यांचा जोडा लागला म्हणजे सरासरीनें चारांत एक पिलूं पांढरें होतें. आनुवंशाचे हे नियम कोंबड्यांसही लागू आहेत हें इंग्लंडांत बेटसन यांनीं सन १९०२ मध्यें दाखविलें. सन २००६ मध्यें ह्या पांढरेपणाचें मूळही सांपडलें: रंग बनविण्यास लागणाऱ्या टायरोसिनेज ह्या द्रव्याच्या जनुकांत एका विषाणूचा अंश घुसून बसला आहे.

अमेरिकेंतील पाळणारांनीं अशींच पांढरीं पिलें राखून पांढरी प्लिमथ रॉक ही शाखा बांधली व सन १८८८ मध्यें तिला तेथें मान्यता मिळाली. मांसाच्या आजच्या संकरित कोंबड्यांच्या मातृपक्षांत तिचें रक्त आहे. तेव्हां हें पिलूं अशुभ खास नव्हे.

परंतु ज्यास पट्टेदार वाणच हवा, त्यानें पांढरीं पिलें विकून टाकलीं म्हणजे कळप शुद्ध झाला असें समजूं नये. त्यांच्या रंगीत भावंडांत तिहींपैकीं दोघांच्या अंगीं तो गुण लपलेला असतो. नुसत्या नजरेनें तो कळत नाहीं. प्रथम कोंबडा तपासावा, कारण एकाच नराची अवलाद सर्व कळपांत पसरते. त्याकरितां आपल्याच कळपांत निपजलेल्या एक-दोन पांढऱ्या तलंगा राखाव्या, त्या इतर नरांपासून तीन आठवडे दूर ठेवाव्या (पूर्वींच्या नराचें बीज कोंबडीच्या पोटांत दोन-तीन आठवडे टिकतें), आणि मग संशयित कोंबडा त्यांत सोडावा. एकही पिलूं पांढरें निघालें कीं तो पैदाशीस निरुपयोगी. आठही रंगीत निघालीं, तर दोष असूनही तो निसटला असण्याचा संभव २५६ मध्यें एक इतकाच उरतो. एवढी परीक्षा एका उबवणींत होते.

परीक्षेची पांढरी तलंग बाहेरून मात्र आणूं नये. सर्व पांढरेपणा एक नव्हे. पांढऱ्या सिल्की व पांढऱ्या डॉर्किंग ह्यांच्या संकरांतून रंगीत पिलें निघालेलीं आहेत. उलट पांढऱ्या लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी असतो. शेजाऱ्याचा लेगहॉर्न कोंबडा कुंपण ओलांडून आला असेल, तर रंगीत कोंबडीचींही पिलें पांढरीं होतील, व मोठेपणीं त्यांच्या पिसांत बहुधा काळे ठिपके दिसतील. तेथें शेजाऱ्यावरचा आळ खरा.