रंगाआधी पापणी

एप्रिल-मेमध्ये पेठ तालुक्यात लग्नांची घाई असते. पाऊस पडला की घरोघरी भात-नागलीची कामं सुरू होतात, म्हणून कार्य त्याआधी उरकायचं. पत्र्याच्या छपराखाली नवरीला सजवताना ब्युटिशियनला सगळ्यात जास्त काळजी असते डोळ्यांची. घाम, होमाचा धूर आणि पाठवणीचं रडं, हे सगळं सोसून आयशॅडो टिकायला हवी.

अडचण पापणीच्या घडणीतच आहे. तिथली त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वरच्या पापणीच्या कडेला २५ ते ४० तैलग्रंथी असतात. त्यांच्या तेलामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत, पण तेच तेल मेकअप सैल करतं. त्यात पापणी मिनिटाला साधारण १५-२० वेळा मिटते आणि दरवेळी घडीत रंग गोळा होतो.

म्हणून सुरुवात सफाईपासून. आदल्या दिवशीच्या हळदीचं तेल पापणीवर उरलेलं असतं. मिटलेल्या डोळ्यावर मायसेलर वॉटरचा कापूस क्षणभर ठेवायचा, मग अलगद खाली ओढायचा. घासायचं अजिबात नाही. लेन्स घालायच्या असतील तर त्या हात धुऊन आत्ताच घालायच्या.

पापणी कोरडी झाली की आयप्रायमर. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. अनामिकेचा दाब हलका, म्हणून त्याच बोटाने तो थापत पसरवायचा. सिलिकॉनयुक्त प्रायमर बारीक रेषा भरून काढतो आणि तेल व रंग यांच्यामध्ये पातळ पडदा धरतो. थर जाड झाला तर तोच घडीत साचतो.

यानंतर थोडं थांबायचं. नवरीला खाली बघायला सांगायचं, मग वर. घडीत रेघ उमटलीच तर ती बोटाने सारखी करायची आणि लगेच ब्रशने बारीक पावडर दाबून बसवायची. आता कुठे पहिला रंग. इथवर सबुरीने आलेल्या पापणीवर साधी आयशॅडोही बराच वेळ टिकते. घाईत केलेल्या पापणीवर महागडीही फुटते.

नवीन प्रायमर लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघावा. डोळे लाल असतील किंवा रांजणवाडी आली असेल, तर डोळ्यांचा मेकअप टाळावा. काजळाची पेन्सिल आणि मस्कारा एकीचा दुसरीला लावू नये, त्यातून संसर्ग पसरतो. रात्री कितीही दमणूक झाली तरी लेन्स काढून, तेलयुक्त रिमूव्हरने डोळे स्वच्छ करूनच नवरीने झोपावं.