माहुली असो वा नाणेघाट : संस्थेबरोबर जावे की आपले आपण?

शहापूर / मुरबाड, प्रतिनिधी

पावसाची पहिली झड ओसरली की मुंबई-ठाण्यातील भटक्यांना शहापूर-मुरबाडचे डोंगर खुणावू लागतात. रविवारी सकाळी आसनगाव स्थानकात लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत तेव्हा दोन प्रकारची मंडळी दिसतात. एका बाजूला हातात नावांची यादी घेतलेल्या म्होरक्याभोवती जमलेला पंचवीस-तीस जणांचा घोळका. दुसऱ्या बाजूला रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करणारे चार मित्र. जायचे दोघांनाही माहुलीलाच. वाट एकच, धबधबेही तेच. फरक एवढाच की, घोळक्यातल्या प्रत्येकाने या चार मित्रांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेले असतात. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे आणि ते वाचवले तर आपण काय गमावतो, हा प्रश्न दर पावसाळ्यात घरोघरी पडतो.

समुद्रपर्यटनाला जाणाऱ्यांना हाच पेच वेगळ्या रूपात भेटतो. जहाज बंदराला लागले की, जहाज कंपनीने आखलेल्या सहलीला जावे की किनाऱ्यावर उतरून आपली टॅक्सी आपण ठरवावी? कंपनीची सहल महाग असते. पण तिच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, किंवा मागे राहिलेल्यांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. आपल्याकडच्या डोंगरयात्रेत जहाजाची जागा घेते ती कसाऱ्याहून येणारी लोकल आणि मुरबाडची एसटी. त्या तर कोणासाठीच थांबत नाहीत.

पैसे कशाचे?

संस्थेच्या शुल्कात प्रवास, चहा-नाश्ता, जेवण, वनखात्याचे प्रवेशशुल्क, म्होरक्यांचे मानधन, प्रथमोपचार साहित्य आणि संस्थेचा नफा असे घटक असतात. यातील प्रवास आणि जेवण आपल्यालाही जमण्यासारखे आहे. खरी किंमत आहे ती माणसे मोजणाऱ्या माणसाची. चांगल्या संस्थेचा एक म्होरक्या सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे चालतो. शेवटचा माणूस उतरल्याशिवाय बस हलत नाही. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला चक्कर आली, तर त्याच्यापाशी थांबणारा माणूस आधीच ठरलेला असतो.

याची दुसरी बाजूही आहे. तीस जणांत चालताना सर्वांत सावकाश चालणाऱ्याची गती हीच सर्वांची गती ठरते. सुटीच्या दिवशी अनेक संस्था एकाच गडावर येतात आणि माहुलीच्या माथ्याजवळील लोखंडी शिडीखाली रांग लागते. गडावर निवांत बसावे, अवशेष पाहावेत म्हटले, तर शिट्टी वाजते. ज्या माहुलीच्या आश्रयाला १६३६ मध्ये शहाजीराजे होते आणि जिथे निजामशाहीचा अखेरचा अंक घडला, तो गड अनेकांच्या आठवणीत एका सामूहिक छायाचित्रापुरता उरतो.

आपले आपण जाताना

दोन्ही तालुक्यांचे गणित वेगळे आहे. शहापूर तालुक्याला रेल्वे आहे. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही सारी लोकलची स्थानके. आसनगावहून माहुली गाव सुमारे पाच किलोमीटर असून तेथवर रिक्षा मिळते. मुरबाड तालुक्यात मात्र आजही रेल्वे पोहोचलेली नाही. नाणेघाटासाठी कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरून वैशाखऱ्याच्या पुढे उतरावे लागते. गोरखगडासाठी म्हसामार्गे देहरी गाठावे लागते आणि त्या आडमार्गाला वाहने मोजकीच.

खासगी गाडी केली तर खर्च माणसांच्या संख्येवर ठरतो. समजा, कल्याणहून नाणेघाटाच्या पायथ्याशी जाऊन येण्याचे जीपवाल्याने चार हजार रुपये सांगितले. दहा जण असतील तर प्रत्येकी चारशे रुपये पडतात. तिघेच असतील तर तेराशेच्या वर. म्हणजे ‘स्वतःहून जाणे स्वस्त’ हे मोठ्या गटाला किंवा लोकल-एसटीने जाणाऱ्यांनाच लागू पडते. तीन-चार जणांच्या कुटुंबाला गाडी करून जाण्यापेक्षा संस्थाच स्वस्त पडू शकते.

पैशापेक्षा महत्त्वाचे गणित वेळेचे. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. पावसाळ्यात धुके आणि झाडी यांमुळे रानात त्याआधीच अंधारते. नाणेघाटाची चढण अडीच-तीन तासांची. वर सातवाहनकालीन लेणे, त्यातील ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण पाहण्यात तास-दीड तास सहज जातो. उतरायलाही दोन तास धरावेत. सकाळी अकराला चढायला लागलेला गट पायथ्याशी येईतो पाच वाजून जातात. त्यानंतर परतीची एसटी किती वाजता, हे जाताना मुरबाड आगारात विचारून ठेवले नसेल, तर महामार्गावर हात दाखवत उभे राहण्याची वेळ येते. कसारा मार्गावरच्या लोकलही कल्याणच्या अलीकडे असतात तितक्या पाठोपाठ नसतात. म्हणून उतरण्याची वेळ आधी ठरवावी आणि शेवटच्या नव्हे, तर तिच्या आधीच्या गाडीच्या हिशेबाने परत फिरावे.

तिसरी वाट : गावचा वाटाड्या

संस्था की स्वबळ, या दोहोंच्या मध्ये एक जुनी वाट आहे, ती म्हणजे पायथ्याच्या गावातला वाटाड्या. या डोंगरांच्या कुशीत ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या आहेत. कोणता ओढा पावसात किती वेळात चढतो, धुक्यात कोणत्या ढोरवाटेने माणूस चुकतो, हे तेथील माणसाला जितके ठाऊक, तितके शहरातून आलेल्या म्होरक्याला ठाऊक असेलच असे नाही. लोकल-एसटीने जावे, वाटाड्या घ्यावा आणि परतल्यावर त्याच्याच घरी भाकरी-पिठले खावे. खर्च आटोक्यात राहतो आणि पैसा ज्याच्या डोंगरात आपण फिरलो त्याच्या हाती पडतो.

मात्र त्यासाठी शिस्त हवी. मोबदला निघण्यापूर्वीच ठरवावा. जेवण किती जणांचे, हे आदल्या दिवशी कळवावे. आणि वाटाड्याने ‘आज वर जाऊ नका’ म्हटले, तर पैसे देऊन मुकाट्याने मागे फिरावे. तो सल्ला हाच त्याच्या मोबदल्याचा सर्वांत मोलाचा भाग असतो.

कोठे काय निवडावे?

माहुली आणि नाणेघाट या मळलेल्या वाटा आहेत. सोबत एखादा अनुभवी माणूस आणि वाटाड्या असेल तर संस्थेवाचून अडत नाही. गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात, त्यामुळे नवख्यांनी तो हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या बलिदानाने पावन झालेला सिद्धगड दाट रानात आहे, तेथे वाटाड्याशिवाय जाऊ नये. मोरोशीचा भैरवगड हे कातळारोहण आहे. दोर, साधने आणि प्रशिक्षित चमू असलेल्या संस्थेशिवाय त्याचा विचारही करू नये.

संस्था निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. मोबाइलवर आलेले आकर्षक चित्र पाहून पैसे पाठवण्यापूर्वी नोंदणी आहे का, किती जणांमागे किती म्होरके, त्यांना प्रथमोपचार येतो का, विमा आहे का आणि सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे टाळणाऱ्या आयोजकाबरोबर जाणे म्हणजे पैसे देऊन एकट्याने जाण्यासारखेच.

पावसाळ्यात धबधबे व धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. पूर्वी १४४ कलमाने निघणारे हे आदेश १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमान्वये निघतात. आदेश लागू असेल तर संस्थेची बसही अपवाद नाही. निघण्यापूर्वी चौकशी करावी. संकटकाळी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. पण डोंगरात सगळीकडे मोबाइल लागत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत उतरणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून मगच चढावे.

संस्थेला पैसे द्यायचे ते आपली वाट पाहणाऱ्या माणसाचे. ते वाचवायचे असतील तर जरूर वाचवावेत. मात्र अंधार पडायच्या आत आपण उतरलो की नाही, हे पाहणारे कोणीतरी पायथ्याशी आहे, याची खात्री तेवढी करून घ्यावी.