नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणी व अमली पदार्थ चाचणी : सिंधुदुर्गातील दर्यावर्दी उमेदवारांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु येथील माणसाचे समुद्राशी असलेले नाते त्याहून कितीतरी जुने आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातील तरुणासमोर आजही उपजीविकेच्या मोजक्याच वाटा असतात. मासेमारी, पर्यटन, मुंबई-गोव्यातील नोकरी, आखाती देश आणि आपल्याकडे ज्याला सरसकट 'बोटीवर जाणे' म्हणतात ती व्यापारी जहाजावरील नोकरी. यांपैकी शेवटच्या दोन वाटांवर वैद्यकीय तपासणी हा अटळ टप्पा आहे. पदवी, मुलाखत आणि प्रशिक्षण हे सारे पार पडूनही या टप्प्यावर उमेदवार अडू शकतो.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच घडले. वडील रापणीवर जाणारे. घरातील दागिने गहाण टाकून एका प्रशिक्षण संस्थेचे शुल्क भरले गेले. त्यानंतर झालेल्या तपासणीत मुलाला लाल व हिरवा रंग नीट ओळखता येत नाही, असे निष्पन्न झाले आणि त्याच्या कागदावर 'अपात्र' असा शेरा पडला. ज्या चाचणीने हे कळले ती जेमतेम पाच मिनिटांची होती. शाळेत बारा आणि महाविद्यालयात तीन वर्षे हा मुलगा आपल्यासमोर बसला होता. परंतु ती पाच मिनिटे कोणीच काढली नव्हती. प्रस्तुत लेखाची प्रेरणा हीच होय. या तपासण्यांचे शास्त्र काय, त्यांच्या कायदेशीर मर्यादा कोणत्या आणि अध्यापक म्हणून आपण काय करू शकतो, याचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

१. तपासणीचा मूळ हेतू

नोकरीपूर्व तपासणी ही सर्वसाधारण आरोग्य तपासणी नव्हे. 'हा मनुष्य निरोगी आहे का?' हा तिचा प्रश्न नसतो. 'हे विशिष्ट काम हा मनुष्य स्वतःला व इतरांना धोका न पोहोचविता करू शकेल का?' हा तिचा प्रश्न असतो. हा भेद विसरला गेला की तपासणीचे रूपांतर नको असलेल्या माणसाला वगळण्याच्या साधनात होते.

रंगदृष्टी चाचणीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथ्योफ होल्मग्रेन यांनी या अपघाताचा संबंध रंगांधत्वाशी जोडला आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासण्याची पद्धत रूढ केली. त्या अपघाताचे कारण खरोखर रंगांधत्वच होते का, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. तथापि चाचणीमागील तर्क आजही टिकून आहे. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाच्या डाव्या बाजूस लाल आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. या दोन दिव्यांवरूनच पहाऱ्यावरील अधिकारी त्या जहाजाची दिशा ठरवितो. तेथे रंगांची गल्लत झाल्यास टक्कर अटळ ठरू शकते. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांवर ही चाचणी आजही प्रामुख्याने घेतली जाते. लाल-हिरव्या रंगांचा हा दोष बहुधा जन्मजात असतो. तो आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ अधिक आढळतो. त्यावर उपचार नाही. म्हणूनच तो वेळीच कळणे महत्त्वाचे ठरते.

२. दर्यावर्दींसाठीचे नियम

भारतीय खलाशांची व अधिकाऱ्यांची वैद्यकीय तपासणी मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडूनच व्हावी लागते. व्यापारी नौवहन कायदा, १९५८ अंतर्गत २००० साली या तपासणीचे स्वतंत्र नियम करण्यात आले. २०२५ मध्ये संसदेने नवा व्यापारी नौवहन कायदा संमत केला आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर २००६ चा सागरी कामगार करार महत्त्वाचा असून भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला.

या करारातील चार तरतुदी आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हव्यात. पहिली, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे, अठरा वर्षांखालील उमेदवारासाठी एक वर्ष आणि रंगदृष्टीच्या प्रमाणपत्राची सहा वर्षे असते. दुसरी, ज्या कामावर रंगदृष्टीच्या दोषाचा परिणाम होऊ शकतो त्याच कामासाठी ती तपासावी, असे करारच सांगतो. म्हणजेच पहाऱ्यावरील अधिकारी आणि भटारखान्यातील स्वयंपाकी यांना एकच फूटपट्टी लावणे अभिप्रेत नाही. तिसरी, प्रमाणपत्र नाकारले गेल्यास दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून फेरतपासणी करून घेण्याची संधी उमेदवाराला मिळालीच पाहिजे. चौथी, वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशाचे नोंदपुस्तक आणि पारपत्र यांसारखे ठरावीक खर्च वगळता, नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून कोणतेही शुल्क घेता येत नाही. 'मेडिकल मॅनेज करून देतो' असे सांगणारा दलाल हा फसवणूक करणाराच असतो, हे या तरतुदीच्या आधारे विद्यार्थ्याला ठामपणे सांगता येते.

३. अमली पदार्थ चाचणीचे शास्त्र

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात सांडले. कप्तान मद्याच्या अमलाखाली होता, असा आरोप झाला; ज्यूरीने त्यातून त्याला मुक्त केले. तरीही या घटनेनंतर जहाजावरील मद्य व अमली पदार्थांविषयीचे धोरण जगभर कडक झाले. खलाशांच्या प्रशिक्षणासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० साली मनिला येथे दुरुस्ती झाली. तीनुसार रक्तातील मद्याची मर्यादा ०.०५ टक्के ठरविण्यात आली.

मद्याची श्वासचाचणी 'आता' काय स्थिती आहे ते सांगते. लघवीची अमली पदार्थ चाचणी मात्र गेल्या काही दिवसांत काय सेवन झाले ते सांगते. तिच्यावरून मनुष्य त्या क्षणी नशेत होता की नाही, हे कळत नाही. नित्य गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवड्यांनंतरही सापडू शकतात.

योग्य पद्धतीने घेतलेल्या चाचणीचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा प्रतिपिंडांवर आधारित प्राथमिक चाचणीचा. ही स्वस्त व जलद असते; परंतु रचनेने साधर्म्य असलेल्या पदार्थांनी ती फसू शकते. सर्दीच्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रीन हे त्याचे परिचित उदाहरण. म्हणून प्राथमिक चाचणी सकारात्मक आल्यास दुसऱ्या टप्प्यात गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीने नेमका पदार्थ निश्चित करावा लागतो. नमुना उमेदवारासमोर मोहोरबंद करणे, त्यावर त्याची स्वाक्षरी घेणे, नमुन्याचे दोन भाग करून एक राखून ठेवणे आणि तो कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेला याची नोंद ठेवणे, हेही तितकेच आवश्यक आहे. केवळ पट्टीवरील प्राथमिक चाचणीवर कोणाची नोकरी नाकारणे शास्त्राला धरून नाही.

तथापि दुसरी चाचणीही प्रत्येक शंका दूर करीत नाही. आपल्या अनारशांवरील खसखस ही अफूच्याच झाडाची बी आहे. तिच्या पृष्ठभागावर मॉर्फिनचे सूक्ष्म अंश असू शकतात. ते लघवीत उतरले तर दुसरी चाचणीही मॉर्फिनच दाखविणार, कारण ते खरोखरच तेथे असते. येथे उपयोगी पडते ती मर्यादेची रेषा. अमेरिकेत संघराज्याच्या नियमांनुसार ही रेषा प्रतिमिलिलिटर ३०० नॅनोग्रॅम होती. १९९८ मध्ये ती २००० करण्यात आली, त्यामागे खसखशीचे हेच कारण होते. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीनचेही शरीरात अंशतः मॉर्फिन होते. यास्तव चाचणीपूर्वी घेतलेल्या औषधांची चिठ्ठीसह लेखी नोंद देणे हिताचे ठरते. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस नेण्यासच बंदी आहे. तिकडे निघालेल्या मुलाच्या पिशवीत दिवाळीचा फराळ भरणाऱ्या आईला हे माहीत असणे आवश्यक आहे.

भांगेविषयीही गैरसमज आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मधील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत. त्यामुळे 'भांग चालते' असे मुले समजतात. कायद्याची व्याख्या काहीही असली, तरी प्रयोगशाळेला पान व फूल हा भेद कळत नाही. शिमग्यात घेतलेला पेला त्यानंतरच्या तपासणीत प्रकट होऊ शकतो.

४. कायद्याने आखलेली मर्यादा

खाजगी नोकरीपूर्व अमली पदार्थ चाचणीचे सर्वंकष नियमन करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. काही क्षेत्रांचे स्वतंत्र नियम आहेत. उदाहरणार्थ, वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. अन्यत्र न्यायालयीन निर्णयांतूनच तत्त्वे शोधावी लागतात.

नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, नोकरीच्या अर्जात स्त्री उमेदवाराला मासिक पाळी व गर्भारपण यांविषयी विचारलेले प्रश्न संकोच उत्पन्न करणारे व अपमानास्पद ठरविले आणि ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निर्णय याहून मूलगामी आहे. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगार एच.आय.व्ही. बाधित आढळल्याने त्याला काम नाकारण्यात आले होते. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवण्यास अनुमती दिली. जो मनुष्य काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला केवळ बाधेच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्वाळाही दिला. पुढे २०१७ च्या एच.आय.व्ही. प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने नोकरीची पूर्वअट म्हणून ही चाचणी करण्यास मनाई केली. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. अर्थात आखाती देश आपल्या कायद्यानुसार ही चाचणी मागतात आणि तेथे भारतीय कायद्याचा हात पोहोचत नाही, हेही उमेदवाराला आधीच सांगावयास हवे.

रंगदृष्टीबाबत २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय उल्लेखनीय आहे. तामिळनाडूतील वीजमंडळाने रंगांधत्वामुळे नाकारलेल्या अभियंत्यास नेमणूक देण्याचा व सोयीचे काम सोपविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. जहाजाच्या पहाऱ्यावर जो दोष अडसर ठरतो, तो प्रत्येक नोकरीत अडसर ठरत नाही, असा याचा अर्थ होय.

५. अध्यापकांची भूमिका

वरील विवेचनावरून काही साध्या गोष्टी सुचतात. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच नेत्रतज्ज्ञाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांची रंगदृष्टी तपासता येईल. निष्कर्ष मात्र त्या विद्यार्थ्यालाच सांगावा, फलकावर लावू नये. सागरी प्रशिक्षणाचे शुल्क भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरचे प्रमाणपत्र घ्यावे, हा सल्ला प्रत्येक इच्छुकाला द्यावा. 'अपात्र' शेरा आल्यास त्याचे कारण लेखी मागणे, अहवालाची प्रत ठेवणे आणि विहित मुदतीत फेरतपासणी मागणे या तीन गोष्टी मार्गदर्शन कक्षाने शिकवाव्यात. व्यसनाविषयीचे आपले नेहमीचे व्याख्यानही चाचणी म्हणजे काय हे समजावून दिल्यास अधिक परिणामकारक होईल.

समारोप

नोकरीपूर्व तपासणीला विरोध करण्याचे कारण नाही. समुद्रावर एका माणसाच्या दोषाची किंमत साऱ्या जहाजाला मोजावी लागते, हे किनाऱ्यावरील घराला सांगावे लागत नाही. परंतु तपासणी कामाशी निगडित असावी, तिची पद्धत शास्त्रशुद्ध असावी आणि तिच्या निष्कर्षाला उत्तर देण्याची संधी उमेदवाराला असावी, या तीन अटींवरच ती न्याय्य ठरते. प्रारंभी उल्लेखिलेला विद्यार्थी आज किनाऱ्यावरच एका लेखा कार्यालयात समाधानाने काम करीत आहे. त्याच्या घरचे दागिने सोडविण्यास मात्र चार वर्षे लागली. ती चार वर्षे पाच मिनिटांच्या चाचणीने वाचली असती, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.