क्रेनने वाहन उचलताना : भार, कोन आणि जमीन

रायगड जिल्ह्यातील नागाव, काशीद यांसारख्या समुद्रकिनाऱ्यांवर जाड व कमी हवेच्या चार चाकांची लहान वाहने आता सर्वपरिचित झाली आहेत. वाळू, चिखल, खडकाळ उतार अशा कोणत्याही भूभागावर चालणाऱ्या या वाहनांना ‘एटीव्ही’ असे म्हणतात. चालू स्थितीतील वाहन फळ्यांच्या उतारावरून मालट्रकवर चढविता येते. मात्र इंजीन बंद पडलेले, चाक निखळलेले किंवा ओहोळात कलंडलेले वाहन हलविण्यासाठी क्रेन, म्हणजेच यारी, बोलवावी लागते. अशा वाहनाचे वजन साधारणतः दोनशे ते चारशे किलो असते. दहा-बारा टनांच्या क्रेनपुढे ते नगण्य वाटते आणि त्यामुळेच पुरेशी दक्षता घेतली जात नाही.

क्रेनवर लिहिलेली क्षमता ही भुजा जवळात जवळ असतानाची असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. भुजा जसजशी लांब जाते तसतशी क्षमता झपाट्याने घटते. ट्रकवर बसविलेली एखादी लहान क्रेन दोन मीटर अंतरावर तीन टन उचलत असेल, तर ढोबळ हिशेबाने आठ मीटरवर तिची क्षमता पाऊण टनाच्याही खाली येते, कारण भुजेचे स्वतःचे वजनही त्यातच मोजावे लागते. प्रत्येक क्रेनसोबत अंतरानुसार क्षमतेचा तक्ता असतो. चालकाने तो काम सुरू होण्यापूर्वी पाहावा, आकडा खाली सोडल्यानंतर नव्हे.

दुसरी बाब जमिनीची. ओली वाळू किंवा नुकताच भरलेला मुरूम वरून टणक दिसतो, परंतु आधारपायाखाली तो खचतो. आधारपाय पूर्ण बाहेर काढून त्यांखाली जाड व रुंद लाकडी फळ्या द्याव्यात. ज्या क्रेनला सर्वत्र ‘हायड्रा’ म्हणून ओळखतात, ती भार उचलून चालू शकते. तथापि उतारावर अथवा खड्ड्यांच्या रस्त्यावर लोंबकळणारा भार घेऊन ती चालविणे अत्यंत धोक्याचे होय. वर विजेच्या तारा असल्यास जागाच बदलावी.

यानंतर पट्ट्यांचा कोन, ज्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. चारशे किलोचे वाहन दोन पट्ट्यांनी उचलले आणि पट्टे जमिनीच्या पातळीशी ६० अंशांचा कोन करीत असले, तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे २३१ किलो ताण येतो. कोन ४५ अंश झाल्यास हा ताण २८३ किलो होतो. ३० अंशांवर तो पूर्ण ४०० किलो, तर १५ अंशांवर ७७० किलोंहून अधिक होतो. वाहन तेच, वजनही तेच. फरक केवळ पट्टे आखूड घेतल्याचा! शिवाय ३० अंशांवर प्रत्येक पट्टा सुमारे ३४६ किलोंच्या जोराने आतल्या बाजूस ओढतो, त्यामुळे हँडल व प्लॅस्टिकची आवरणे चेपतात. चार पट्टे लावले तरी भार समान वाटला जातो असे समजू नये; हिशेब दोनच पट्ट्यांचा धरावा.

पट्टे सांगाड्याच्या भक्कम भागाला बांधावेत. सामान ठेवण्याची पुढची-मागची जाळी उचलण्यासाठी नसते, तरीही हाताशी येते म्हणून नेमकी तीच पकडली जाते. विणलेल्या पट्ट्यांच्या प्रचलित रंगखुणेनुसार जांभळा पट्टा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, तर पिवळा तीन टनांचा असतो. कडा उसवलेला, शिवण सुटलेला अथवा क्षमतेची चिठ्ठी नसलेला पट्टा वापरू नये. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने कारखान्यांतील उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी आवश्यक केली होती. गावच्या रस्त्यावर निरीक्षक येत नाही. म्हणून क्रेन भाड्याने आणणाऱ्या ग्रामपंचायतीनेच तपासणीचे प्रमाणपत्र मागावे. त्यात संकोचण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष उचलण्यापूर्वी इंधनाची तोटी बंद करावी व हातब्रेक लावावा. आकडा वाहनाच्या गुरुत्वमध्यावर सरळ आणावा. वाहन जमिनीपासून वीतभर उचलून क्षणभर थांबावे. ते एका बाजूस झुकत असल्यास खाली ठेवून पट्टे पुन्हा बांधावेत. झुकलेल्या बाजूस माणूस लोंबकळवून तोल साधण्याची प्रथा सर्वथा निषिद्ध मानली पाहिजे. इशारे एकाच व्यक्तीने द्यावेत, मात्र ‘थांबा’ हा इशारा कोणीही दिला तरी चालकाने थांबावे. वाहन फिरू नये म्हणून एका टोकास लांब दोर बांधून तो दुरून धरावा. भाराखाली कोणीही उभे राहू नये. बघ्यांत मुलेच अधिक असतात. त्यांना दूर ठेवण्यासाठी एक माणूस स्वतंत्रपणे नेमावा.

वाहन ट्रकच्या हौद्यात टेकल्यावर पट्टे लगेच सोडू नयेत. प्रथम चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, नंतर सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांतून तिरपे ताण देऊन वाहन घट्ट बांधावे आणि मगच आकडा मोकळा करावा. कमी हवेची चाके व स्प्रिंगा प्रवासात दबतात आणि बांधलेले दोर सैल पडतात. त्यामुळे ट्रक निघाल्यानंतर पहिल्या काही किलोमीटरवर थांबून ते पुन्हा ताणून घ्यावे लागतात.